हिंदीत ‘तां’ नाय?

हा भाग ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या भाचीपासून. पाचवीत आहे, मालवण तालुक्यातल्या मराठी शाळेत. यंदा ‘सुलभभारती’ हातात आलं, म्हणजे पुस्तकातली हिंदी पहिल्यांदाच. मी सुट्टीवर घरी गेलो होतो, ओटीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. तिने वही पुढे केली आणि विचारलं, “मामा, हिंदीत ‘तां’ नाय?”

मी आधी हसलो. मग लक्षात आलं की पोरीने थेट मुळावर बोट ठेवलंय.

आपल्याकडे मालवणीत तो, ती आणि तां. मोठो आंबो, मोठी होडी, मोठां झाड. प्रमाण मराठीत मोठा, मोठी, मोठं. हिंदीत फक्त बड़ा आणि बड़ी. तिसरा कप्पाच नाही. संस्कृतात तीन लिंगं होती, प्राकृतातही होती. मराठी, कोकणी, गुजराती यांनी नपुंसकलिंग जपलं. हिंदीने सोडून दिलं आणि त्यातले बहुतेक शब्द पुल्लिंगात टाकले. घर, पानी, दही, फूल सगळे ‘तो’ झाले. आमच्या धंद्यात याला डेटा मायग्रेशन म्हणतात: तीन कप्प्यांतला माल दोन कप्प्यांत भरायचा. असं करताना काही माल चुकीच्या कप्प्यात जातोच. ‘पुस्तक’ आपल्याकडे ‘तां’, हिंदीत मात्र ‘ती’. आवाज आपला ‘तो’, हिंदीत ‘ती’. बर्फ, देह, आत्मा, सगळ्यांची तीच गत. उलट आपल्याला मजा आली, त्यांना मज़ा आया.

आता मला जी गोष्ट सांगायचीय ती अशी. मी शाळेत असताना एका सरांनी (नाव नको, शाळेचंही नको) मला उभं करून हिंदीत स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, “मेरा नाव...” आणि वर्ग हसला. हिंदीत नाव म्हणजे होडी. समुद्राच्या काठावरच्या पोराने ‘माझी होडी’ म्हणावं हे एका अर्थी ठीकच, पण त्या दिवशी मला ते ठीक वाटलं नाही. सर म्हणाले, ही मालवणी घरी ठेवून येत जा. खूप वर्षं मला वाटायचं की माझी हिंदी मालवणीमुळे कच्ची राहिली.

आता वाटतं, उलटं आहे. भाचीला शिकवताना मी कागदावर दोन रकाने केले. प्रमाण मराठीतलं नपुंसकलिंग ‘अं’वर संपतं: माझं घर, मोठं झाड. मालवणीतलं ‘आं’वर: माझां घर, मोठां झाड. हिंदीत? मेरा घर, बड़ा पेड़. म्हणजे मालवणी पोर हिंदीच्या अर्ध्या वाटेवर आधीच उभं आहे! आणखी बघा. मराठीत मला, मालवणीत माका, हिंदीत मुझको. मराठीत कुठे, मालवणीत खंय, हिंदीत कहाँ. हे सगळं एकाच मुळातून आलंय असा माझा दावा नाही, मी भाषाशास्त्रज्ञ नाही. पण दहा वर्षांच्या पोराला हात धरायला कठडा पुरेसा आहे. तो कठडा आपण ‘घरी ठेवून ये’ म्हणतो.

अर्थात मालवणी पायही घालते. आमच्याकडे मुलगी म्हणजे चेडू, आणि चेडू ‘तां’. म्हणून भाची मैत्रिणीबद्दल सांगताना बिनधास्त म्हणते, “वो आया.” तिच्या कानाला ते बरोबरच वाटतं. आणि ‘ने’चं दुखणं तर सगळ्या मराठी पोरांचं. आपण म्हणतो ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘त्याने आंबा खाल्ला’. ‘मी’ला आणि ‘तू’ला ने लागत नाही. हिंदीत मैंने, तूने, उसने, सगळ्यांना लागतो. म्हणून आपली पोरं ‘मैं आम खाया’ म्हणतात. ती गाढव नाहीत, आपल्या भाषेचा नियम काटेकोर पाळतायत.

इथून थोडा इतिहास, कारण या भागाचं खरं कारण तेच आहे.

हिंदीचं प्रमाण मानलं गेलेलं व्याकरण कामताप्रसाद गुरूंचं. 1920 साली काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने काढलं. गुरूंचा जन्म सागरचा, 1875 चा, पेशाने शिक्षक. पुढे त्यांनीच त्याच्या लहान आवृत्त्या विद्यार्थ्यांसाठी केल्या, आणि शाळेतल्या हिंदी व्याकरणाचा साचा बराचसा तिथून आला. पण गुरूंनी ते लिहिताना ज्या पुस्तकांचा आधार घेतला, त्यात एक मराठी होतं: मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, 1911 चं. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ, मालगुंडच्या दामल्यांच्या घरातले. नोकरी उज्जैनच्या माधव कॉलेजात, म्हणजे हिंदी मुलखात बसून मराठीचा अभ्यास. 1913 मध्ये ते गेले. हिंदी व्याकरणाचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही.

म्हणजे जे व्याकरण कोकणातल्या पोरांना परकं म्हणून घाबरवतं, त्याच्या मांडणीत एका कोकणी माणसाचा हात आहे. मला हे कॉलेज संपेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्या जिल्ह्याचा धागाही आहे. काकासाहेब कालेलकर जन्माने साताऱ्याचे, पण आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून. गांधीजींच्या सांगण्यावरून हिंदी प्रचारात आयुष्य घालवलेला माणूस. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 ची, पुण्याची महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा 1937 ची. आमच्या आजोबांनी अशीच एक परीक्षा दिली होती, प्रमाणपत्र अजून ट्रंकेत आहे. ते सगळे मोठेपणी, आपल्या हौसेने, मराठी पक्की झाल्यावर शिकले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कारण 2025 मध्ये नेमकं हेच उलटं होणार होतं. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली. ओरड झाली. 17 जूनला ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आलं, दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान 20 मुलं हवीत अशी अट आली. आमच्याकडच्या कितीतरी वाडीवरच्या शाळांत अख्ख्या शाळेचा पट 20 नसतो, तिथे या पर्यायाचा अर्थ काय? शेवटी 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली.

त्या दोन महिन्यांत टीव्हीवर मराठी विरुद्ध हिंदी एवढंच चाललं होतं. मालवणी कोणाच्या तोंडी आली नाही. माझा भाचा त्याच जूनमध्ये पहिलीत गेला. त्याच्यासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आहे. तो अजून ‘माका’ला ‘मला’ म्हणायला शिकतोय, शिवाय इंग्रजी आहेच. त्यात ‘मुझे’ म्हणजे एकाच गोष्टीला तिसरा शब्द, तोही लिंग म्हणजे काय हे कळायच्या आधी. माझं मत सरळ आहे: पाचवी ठीक होती. त्या वयात पोर ‘हिंदीत तां नाय?’ असं विचारू शकतं. सहाव्या वर्षी ते विचारत नाही, फक्त गप्प बसतं. माझा हिंदीवर राग नाही. (हिंदीत ‘राग’ म्हणजे गाण्यातला, आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. यावर भाची पाच मिनिटं हसत होती.)

तर त्या संध्याकाळी आम्ही वहीत यादी केली. डाव्या बाजूला मालवणी, मधे मराठी, उजवीकडे हिंदी. घर, झाड, पाणी, दही भराभर झालं. ‘पुस्तक’वर ती अडली. “तां चा ती कसां झाला?” मला उत्तर देता आलं नाही. किताब हिंदीत स्त्रीलिंगी आहे म्हणून तिच्या संगतीने असेल, असं मी काहीतरी पुटपुटलो. तिने ‘ती’ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि म्हणाली, बाईंका इचारतंय.