पणजीच्या लग्नाचा फोटो

गेल्या आठवड्यात आमच्या चिऊला शाळेतून ‘माझे कुटुंब’ असा तक्ता करून आणायला सांगितला होता. आता सात वर्षांच्या मुलीचा तक्ता म्हणजे तो आजीनेच करायचा असतो, हे काही वेगळं सांगायला नको :) तर मी कपाटातले सगळे अल्बम काढून बसले. तिच्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो आठशेच्या वर, तेही कॉम्प्युटरमध्ये. आमच्या लग्नाचा एक अल्बम, मधे ते पातळ बटरपेपर लावलेला. आणि त्याच्या वरच्या चौकोनात काय चिकटवायचं? माझ्या आईबाबांच्या लग्नाचा फोटोच नाही.

"हरवला?" चिऊने विचारलं.

"वाहून गेला," मी म्हटलं. आणि मग तक्ता राहिला बाजूला.

आमच्या नात्यातल्या मंडळींना ही गोष्ट पाठ आहे. त्यांनी हवं तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. बाकीच्यांसाठी सांगते.

आईबाबांचं लग्न १९६१ च्या वैशाखातलं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता, म्हणजे वैशाख संपला की महिनाभर मुहूर्तच नाहीत. म्हणून सगळं घाईघाईत उरकलं. आई वाईची, बाबा पुण्यात शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर एका वाड्यात दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत माझी आजी, लग्नाची आत्या आणि हे नवं जोडपं. बाबा कारकून होते, आत्या शिलाई मशीनवर ब्लाउज, परकर शिवून द्यायची. लग्नात हुंडा घेतला की नाही याबद्दल दोन मतं आहेत. बाबा म्हणायचे, मी साफ नाही म्हटलं होतं. आई म्हणायची, तुम्ही नाही म्हटलंत, पण सासूबाईंनी माझ्या वडिलांकडून पाचशे रुपये घेतले. हुंडाबंदीचा कायदा लागू झाला तो त्याच वर्षी १ जुलैला. "दोन महिने थांबला असतात तर माझ्या वडिलांचे पाचशे वाचले असते," असं आई भाजी चिरता चिरता सहज म्हणायची. बाबा पेपर वर धरायचे.

लग्नात फोटोग्राफर वगैरे नव्हता. लग्नानंतर दोघं एका स्टुडिओत गेली आणि एकच फोटो काढला, त्याच्या दोन प्रती. एक इथे, एक वाईला द्यायची. आषाढ लागत होता. नव्या सुनेने पहिल्या आषाढात माहेरी जायचं, त्यामुळे आईची ट्रंक भरून तयार होती. शालू, अधिकात जावयाला मिळालेलं चांदीचं निरांजन आणि फोटोच्या दोन्ही प्रती, वाईला सगळ्यांना दाखवायच्या म्हणून. एक-दोन दिवसांत मामा न्यायला येणार होता.

आणि १२ जुलै उजाडला. बुधवार.

पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरलं होतं, हे पुण्यातल्या बहुतेकांना नंतर कळलं. सकाळी ते फुटलं आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं. रेडिओवरून धड इशारा नाही. ‘धरण फुटलं, पळा’ हीच बातमी, तीही रस्त्यावर ओरडत आलेली. कित्येकांना ती आवईच वाटली. आमच्या वाड्यातले एक आजोबा म्हणे अंघोळ करूनच निघाले.

पाणी बोळात शिरलं तेव्हा बाबांनी आजीला पाठुंगळी घेतलं. आत्याने देव ओच्यात बांधले. आईने ट्रंकेची एक कडी धरली आणि म्हणाली, "अहो, दुसरी कडी धरा." बाबा म्हणाले, "राहू दे ती." आजीला कोपऱ्यावर चढावर बसवून ते धावत परत आले आणि ट्रंकेजवळून पुढे जाऊन त्यांनी शिलाई मशीनचं डोकं खांद्यावर उचललं. लोखंडी स्टँड तिथेच. आईने कडी सोडली.

सदाशिव पेठेत नातेवाईकांकडे पोचेपर्यंत सगळी कमरेपर्यंत भिजली होती. लकडी पूल पाण्याखाली गेला. स्टुडिओतही पाणी शिरलं, त्यामुळे निगेटिव्हचाही प्रश्न मिटला. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या जागी चिखल, तुळया आणि कुजलेल्या धान्याचा वास. वर पूर येऊन गेलेला आणि शहरात नळाला पाणी नाही, कारण ते साठवणारं धरणच गेलेलं. जुन्या विहिरींवर रांगा. चिखलात मशीनचं स्टँड सापडलं. ट्रंक नाही.

पुण्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात काळाचे दोन भाग असतात, पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर. आमच्या घरात आधीचं काही उरलंच नव्हतं. मी जन्मले १९६३ मध्ये. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला अर्धगोल छपरांची घरं बांधली होती, त्यातल्या एकात मी लहानाची मोठी झाले. लहानपणी चित्र काढताना घराला त्रिकोणी छप्पर काढायचं हे मला शाळेत शिकावं लागलं! असो.

आत्याचं लग्न झाल्यावर मशीन आईकडे आलं. ती त्यावर शिवायला शिकली. माझी फी, भावाची सायकल, बाबा आजारी होते ते वर्ष, सगळं त्या मशीनवर निघालं. म्हणजे हिशोब केला तर बाबांचंच बरोबर होतं. शालूचं काय केलं असतं, चार लग्नांत नेसली असती. बाबा हे बोलूनही दाखवायचे. आई काही म्हणायची नाही, फक्त पाय जरा जोरात मारायची, आणि मशीनचा आवाज वाढायचा. मी कायम बाबांच्या बाजूची. मला वाटायचं, आईचा जीव अजून त्या शालूत अडकलाय. काय हा हट्ट..

बाबा २००३ मध्ये गेले. तेराव्यानंतर कधीतरी दुपारी आम्ही दोघीच होतो. मी उगाच विषय काढला. म्हटलं, आई, आता तरी कबूल कर, मशीन आणलं ते बरं केलं ना? तर ती शांतपणे म्हणाली, "अगं, त्यांनी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं मशीन घ्या म्हणून. मला काय कळत नव्हतं? त्यांनी विचारलं नाही."

बेचाळीस वर्षं! आणि मी त्या घरात वाढलेली, दोघांच्या मधे झोपलेली, मला वाटत होतं भांडण शालूचं आहे. बाबांना तिने हे कधी सांगितलं होतं का, ते मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं." मग थोड्या वेळाने, "पुरानंतर मला न विचारता त्यांनी घरात काही आणलं नाही. साधा झाडू आणायचा तरी विचारायचे." हे मात्र अगदी खरं होतं. बाबा कुंचा घेऊ की केरसुणी हे विचारायला बाजारातून परत आलेले मी पाहिले आहेत, आणि त्यावर आम्ही पोरं पोट धरून हसायचो.

आईही २०१२ मध्ये गेली. चिऊ जन्मली २०१८ मध्ये, योगायोग म्हणजे तेव्हाही अधिक ज्येष्ठच चालू होता.

नात झाल्यापासून मला एक नवीनच सुख कळलं आहे, आपल्याला पाठ झालेल्या गोष्टीत कुणीतरी अडवून प्रश्न विचारतं. मुलाला मी हीच गोष्ट सांगितली होती, पण तेव्हा स्वयंपाक, नोकरी, बस.. गोष्ट पटकन संपवायची असायची. आता वेळच वेळ. ट्रंक कुठल्या रंगाची होती? पणजीला पोहता यायचं का? देव भिजले का? ट्रंकेचा रंग मला माहीतच नाही, आईला कधी विचारला नाही. चिऊने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पणजोबा सॉरी म्हणाले का?" मी झाडूची गोष्ट सांगितली. ती तिला पुरेशी वाटली नाही :)

मशीन आता माझ्याकडे आहे. पट्टा गेलाय, पण चाक फिरतं. चिऊला ते फिरवायला फार आवडतं. मी आधी "सुईजवळ बोट नको" म्हणून झाकण घालायचे, आता सुईच काढून ठेवली आहे आणि ती हवं तितकं फिरवते.

शेवटी त्या रिकाम्या चौकोनात तिने स्वतः चित्र काढलं. पणजोबांच्या खांद्यावर मशीन, पणजीच्या डोक्यावर ट्रंक, आणि खाली निळंशार पाणी. मी म्हटलं, अगं, पुराचं पाणी निळं नसतं, मातकट असतं. तर म्हणाली, "आजी, तपकिरी खडू ट्रंकेलाच संपला."