पायाखालचा पत्रा

गेल्या उन्हाळ्यात आमची जुनी उघडी जीप अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गॅरेजात नेली. टायर घालायचे होते, हूडचं कापड फाटलं होतं, बॅटरी बसली होती. मिस्त्रीने यांतलं काहीच आधी पाहिलं नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई त्याने उचलली, तिच्याखालचा कुजका गोणपाट ओढून काढला आणि पेचकस पत्र्यावर टेकवला. फारसा जोर न लावता पेचकस आरपार गेला. "नुसत्या पावसानं एवढं होत नाही साहेब," तो म्हणाला, "गोणपाटानं खाल्लंय हे."

हे वाक्य मला लागलं, कारण तो गोणपाट आमच्या अण्णांनी अंथरलेला होता. सोलापूर–वळसंग–अक्कलकोट या रस्त्यावर त्यांनी बरीच वर्षं याच जीपने वडाप केलं. त्या कमाईवर आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं झाली. त्यांच्याच हाताने गाडीचा तळ गेला, असा मिस्त्रीच्या बोलण्याचा अर्थ होत होता.

नवा पत्रा मारायचा हे लगेच ठरलं. त्यावर काय अंथरायचं, हे मात्र ठरेना. मुलाला कार्पेट हवं होतं. मिस्त्री म्हणाला, चेकर पत्रा ठोकू, पन्नास वर्षं बघायला नको. शेजारच्या कुशनवाल्याने फोम लावलेलं रेक्झीन दाखवलं. मी आयुष्यभर सूतगिरणीच्या तपासणी विभागात काम केलेलं. ओलावा मोजणं हाच माझा धंदा. म्हणून निर्णय पुढे ढकलला आणि या गाडीच्या पायाखाली आजवर कोणी काय अंथरलं, ते शोधत बसलो.

सुरुवात अमेरिकेत होते. १९४० मध्ये तिथल्या सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणी गाडी हवी होती. पहिल्या मागणीत वजनाची मर्यादा १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो होती. ती कोणालाच पाळता आली नाही आणि पुढे बरीच वाढवावी लागली. पण शेरा-पावशेराचा हिशेब करण्याची ती शिस्त गाडीच्या अंगात राहिली. बॅण्टम कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्यांना दारं नव्हती, पक्कं छप्पर नव्हतं आणि जमिनीवर कसलंच आच्छादन नव्हतं. पायाखाली रंगवलेला उघडा पत्रा आणि आत शिरलेलं पाणी सोडून द्यायला तळाला भोकं. गाडी भिजणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना होती.

तरीही एक चूक राहिली. जमिनीचा पत्रा दबू नये म्हणून त्याच्या खालून टोपीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या जोडल्या होत्या आणि त्यांच्या पोकळीत लाकूड भरलं होतं. लाकडाने पाणी धरलं आणि पत्रा आतून, कोणाला न दिसता गंजत गेला. जगभर जुन्या युद्धकालीन जीपा दुरुस्त करणाऱ्यांना आजही पहिली झुंज द्यावी लागते ती या पट्ट्यांशी. वरून अंथरलेल्या वस्तूने जे पुढे केलं, ते इथे मुळातच खालून झालेलं होतं.

आपल्याकडे ही गाडी युद्धाबरोबर आली आणि युद्धानंतर राहिली. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या महिंद्रा अँड महंमद या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी हाती घेतली. भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप विलीजने १९५३ मध्ये काढली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही कितीतरी वर्षं रस्त्यावर उतरत राहिला.

खेड्यात जीप पोचली ती सरकारमार्फत. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि अमेरिकन मदतीतून जीपगाड्या आल्या. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या, तेव्हा ग्रामसेवक सायकलवर आणि गटविकास अधिकारी जीपमध्ये, अशी वाटणी पक्की झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर धुरळा उडवत येणारी जीप माझ्या पिढीने पाहिली आहे. आमच्या गावात यायची, तिच्यात पुढे साहेबांच्या पायाखाली रबरी चटई असे आणि मागे, जिथे शिपाई, तलाठी आणि कागदांची पेटी असे, तिथे उघडा पत्रा. गाडीची जमीन एकच होती, पण तिच्यावर कोणाच्या पायाला काय लागावं हे हुद्द्यावरून ठरत होतं.

अण्णांनी १९८६ मध्ये दुसऱ्या हातची जीप घेतली, तेव्हा या वाटणीला अर्थ उरला नाही. एस.टी.ची सेवा १ जून १९४८ रोजी सुरू झाली खरी, पण दोन गाड्यांमधल्या वेळात, बाजारच्या दिवशी आणि फाट्यापासून आतल्या वाड्यांपर्यंत माणसांना न्यायचं कोणी? ते काम वडापने केलं. कायद्याच्या भाषेत हे बसत नव्हतं. संपूर्ण गाडी एकाला भाड्याने देण्याचा परवाना वेगळा आणि वाटेत थांबून एकेका माणसाचं भाडं घेण्याचा वेगळा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही हा भेद कायम आहे. वडापवाले या दोन्हींच्या मधल्या फटीत धंदा करत. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर किती माणसं बसत हे मी लिहीत नाही. फाळक्यावर उभी राहणारी वेगळी.

या माणसांबरोबर जे सामान येई, त्याचा जमिनीशी थेट संबंध होता. दुधाच्या किटल्या सांडत. मार्केट यार्डाकडे कांद्याची पोती जात. परतीला युरिया आणि पोटॅशची पोती येत आणि पोतं फाटलं की दाणे पत्र्यावर पसरत. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. पण पाण्यात क्षार विरघळले की तो व्यवहार फार वेगाने होतो. पोटॅश हे बहुधा पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंडं. शिवाय ही खतं हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणजे सोलापूरसारख्या कमी पावसाच्या मुलखात, समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या जीपच्या तळाला कोकणातल्यासारखी हवा आम्हीच पुरवत होतो. त्यात काळ्या मातीचा चिखल. ती माती पाणी धरते, फुगते आणि वाळायला वेळ घेते. बुटांबरोबर आत आली की पत्र्याच्या सांध्यात बसून राहते.

मग अण्णांनी गोणपाट का अंथरला? मी कारण विसरलो होतो, ते आईने सांगितलं. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. उघड्या जीपचा पत्रा वरून उन्हाने तापतो आणि खालून इंजिन, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरच्या नळीने. स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला अनवाणी जाणारी माणसं असत. म्हाताऱ्या बायका वहाणा हातात घेऊन चढत, कारण गाडी मालकाची आणि पाय चिखलाचे. त्या पाय वर उचलून, मांडी घालून बसायला बघत आणि बाकड्यावर तेवढी जागा नसे. अण्णांनी बाजारातून रिकामी पोती आणली, उसवली आणि दुहेरी करून अंथरली. पुढच्या बाजूला गोणपाटावर रबरी चटई आली ती नंतर, पेडलखाली गोणपाट सरकायला लागला म्हणून.

इथे माझ्या धंद्यातली आकडेवारी उपयोगी पडली. सुताच्या व्यापारात मालाचं वजन धरताना त्यात किती ओलावा रास्त मानायचा, याची प्रमाणं ठरलेली आहेत. कापसाला साडेआठ टक्के, तागाला पावणेचौदा टक्के, पॉलिप्रॉपिलीनला जवळजवळ शून्य. म्हणजे पूर्ण वाळवलेल्या शंभर किलो तागामागे चौदा किलोच्या आसपास पाणी असणं हे व्यापाराला मान्य आहे. ज्या शहराची ओळखच सुती चादरीवर आहे, तिथल्या माणसाला हे शिकवायला नको. या आकड्यांनी मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरवलं असं मला वाटलं. ताग पाणी पितो, पत्रा गंजतो; तर मग न पिणारं कृत्रिम धाग्याचं कार्पेट टाकलं की प्रश्न मिटला.

खात्री करावी म्हणून मृग निघाल्यावर गॅरेजातून उरलेल्या पत्र्याचे चार तुकडे आणले. रंग खरवडून चौघांवर एकेक पेला पाणी ओतलं. एक उघडा ठेवला. दुसऱ्यावर गोणपाट, तिसऱ्यावर रबरी चटई, चौथ्यावर फोम लावलेलं कृत्रिम कार्पेट. उघडा तुकडा दुपारपर्यंत वाळला, त्यावर पुसट तांबूस छटा आली एवढंच. गोणपाट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडा लागला. रबराखालचा पत्रा तिसऱ्या दिवशीही ओला होता आणि कडेने लाल रेघ उमटली होती. कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं. चौथ्या दिवशी उलटून पाहिलं तर फोम चिंब आणि पत्रा सगळ्यात वाईट.

हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे. तरी त्याने मला माझ्याच आकड्यांची मर्यादा दाखवली. वस्तू किती पाणी पिते यापेक्षा ती पाण्याला बाहेर जाऊ देते की नाही, हे पत्र्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. धागा पाणी पीत नसला तरी त्याच्याखालचा फोम बारीक छिद्रांमध्ये ते धरून ठेवतो. चेकर पत्र्याचंही तेच. एस.टी.च्या गाड्यांमध्ये पायाखाली आपण तो पाहिला आहे आणि झिजेला तो चांगलाच. पण तो जुन्या पत्र्यावर ठोकला की दोन धातूंमध्ये एक फट तयार होते, तिथे शिरलेलं पाणी हवेला दिसत नाही. वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि खालचा लोखंडी असेल, तर ओलीत दोन धातू एकमेकांना लागून त्यांतला एक आणखी लवकर खचतो. रंगाचा जाड थर फवारून तळ कायमचा बंद करण्याची पद्धतही आता आली आहे. ती चांगली, मात्र खालचा पत्रा आधी पुरता स्वच्छ असेल तर. नाहीतर गंज आत कोंडला जातो.

कार्पेटची हौस कुठून आली, हेही या शोधात कळलं. वडापला बंद दारांच्या मोठ्या गाड्या आल्या, घरोघरी दुचाक्या आल्या आणि उघडी जीप रोजगाराची राहिली नाही. ती हौसेची झाली. लग्नात, मिरवणुकीत, फार्महाउसवर ती दिसू लागली, तेव्हा तिला मोटारीसारखं सजवणं ओघानेच आलं. पण गंमत अशी की कारखानदार उलट दिशेने गेले. महिंद्राची नवी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. पाण्याने धुता येणारी जमीन आणि पाणी सोडायची बुचं ही तिच्यात खास सोय म्हणून सांगितली गेली. १९४० च्या दशकातल्या सैनिकाला जे गरजेपोटी दिलं होतं, ते ऐंशी वर्षांनी गिऱ्हाइकाला वैशिष्ट्य म्हणून मिळालं.

एवढं झाल्यावरही मिस्त्रीचं पहिलं वाक्य मनातून जात नव्हतं. माझ्या तुकड्यांमध्ये गोणपाट तर दीड दिवसात वाळला होता. मग आमच्या गाडीत त्याने पत्रा खाल्ला कसा? एका रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, ते रोज संध्याकाळी काढायचे की. झटकून कुंपणावर टाकायचे आणि पत्रा पुसायचे. त्यांना अर्धांग झाला त्या दिवशी गाडी उभी राहिली ती राहिलीच. गोणपाट मग कोण काढणार?"

गाडी लिंबाखाली उभी होती ती सगळी वर्षं मी सोलापुरातच होतो. सूतगिरणीत ओलावा मोजत होतो. गोणपाट काढायचं काम माझं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

आता जीपला सोळा गेजचा नवा पत्रा बसला आहे. त्याला दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड आणि रंग आहे, पुढे दोन आणि मागे दोन भोकं आहेत, त्यांना रबरी बुचं आहेत. पुढे खालून उंचवटे असलेली रबरी चटई आहे, म्हणजे तिच्याखाली हवा खेळते. ती तीन तुकड्यांत कापली आहे आणि कुठेही चिकटवलेली नाही. मागे बाकड्यांच्या मधे गोणपाट आहे. मुलगा थोडा नाराज होता. गाडी रात्री आत लावताना तो गोणपाट उचलून कुंपणावर टाकायचा, एवढं काम मी त्याच्याकडे दिलं आहे. तो विसरला तर मी टाकतो.