पद्मिनीचे ब्रेक आणि हरवलेली चकती

१/ मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३च्या ऑक्टोबरअखेर, ही काळी-पिवळी रस्त्यावरून निवृत्त झाली. आज उरलेल्या पद्मिनी हौशी मालकांनी जपल्या आहेत. त्यांच्यापुढे एक प्रश्न आहे : मूळचे ड्रम ब्रेक ठेवावेत, की डिस्क बसवावेत?

२/ ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या बंद ड्रमला आतून दोन शू घासतात. उष्णता आत कोंडते, तशी पकड मंदावते. डिस्क ब्रेकमध्ये उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. वारा तिला थंड ठेवतो.

३/ पावसाळ्यात हा फरक जिवावर बेतू शकतो. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढली, की ओले शू नीट धरत नाहीत. हलके ब्रेक दाबत, ते सुकवतच परळकडे निघावे लागते. चकतीवरचे पाणी मात्र फिरतानाच उडून जाते.

४/ मग पद्मिनीला डिस्क का नव्हती? तंत्र नवे नव्हते. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने १९०२ मध्येच पेटंट घेतले होते. १९५३ मध्ये डिस्क ब्रेकच्या जग्वारने ल मॉंची शर्यत जिंकली.

५/ पद्मिनी ज्या फियाट ११००डीवर बेतलेली, ती इटलीत १९६२ची. तिच्या जागी १९६६ मध्ये आलेल्या ११००आरला पुढे डिस्क मिळाली. कुर्ल्याच्या कारखान्यात मात्र जुनाच साचा पुढे चालू राहिला. परवान्यांच्या त्या काळात आयात जवळजवळ बंद होती आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. ग्राहक रांगेत उभाच असताना ब्रेक सुधारण्याची निकड कारखान्याला कशी वाटणार?

६/ आज डिस्क बसवणे म्हणजे नुसती चकती बदलणे नव्हे. ड्रमचा शू फिरत्या ड्रमसोबत ओढला जाऊन स्वतःच घट्ट होतो. डिस्कला ती मदत नसते. म्हणून पॅडलवर जोर वाढतो, बूस्टरची गरज भासते, मास्टर सिलिंडर जुळवावा लागतो. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडला, तर मागची चाके आधी अडकून गाडी घसरते.

७/ पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीसाठीचे २०२१चे नियम मूळ रूप जपण्याची अट घालतात. चासी, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. तरीही रस्त्यावरच्या माणसाचा जीव मूळपणापेक्षा मोठा. रोजच्या वापराच्या गाडीला डिस्क जरूर बसवावी. पण काहीही न कापता, पुन्हा उतरवता येईल अशी. आणि उतरवलेले ड्रम भंगारात जाऊ नयेत. त्या रांगेचा पुरावा त्यांच्यातच उरला आहे.