गेलची रीत : मनोरुग्णांना घरात सामावून घेणाऱ्या एका गावाचा इतिहास

मनोविकारांवरील उपचारांचा युरोपातील इतिहास बहुतेक ग्रंथांत वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लंडनचे बेथलेम, पॅरिसचे साल्पेत्रिएर, तेथील कोठड्या व साखळ्या आणि त्या साखळ्या काढणारे सुधारक हे त्या कथनाचे ठरलेले टप्पे असतात. बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातील गेल हे गाव या कथनात बसत नाही, कारण दूरदूरहून येणाऱ्या मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेण्याची, त्यांना एका ताटावर जेवू घालण्याची आणि शेतावर बरोबर नेण्याची रीत तेथील सामान्य शेतकरी कुटुंबांनी सुमारे सात शतके चालवली. मनोविकाराचे दुःख किती अंशी विकारातून येते आणि किती अंशी भोवतालच्या माणसांच्या वागण्यातून, हा आधुनिक मानसशास्त्रातील एक कळीचा प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाचा इतका दीर्घ, इतका प्रत्यक्ष पुरावा गेलखेरीज क्वचितच दुसऱ्या गावाने दिला असेल.

या रीतीचे मूळ एका संत-कथेत आहे. सातव्या शतकात आयर्लंडच्या एका राजाची पत्नी वारली, शोकाने त्याची बुद्धी भ्रष्ट झाली आणि आईसारख्या दिसणाऱ्या स्वतःच्या कन्येशीच विवाह करण्याचा हट्ट त्याने धरला, असे ही कथा सांगते. डिम्फ्ना नावाची ती राजकन्या गेरेबर्नस या वृद्ध धर्मगुरूसह समुद्र ओलांडून गेलपर्यंत पळून आली. बापाने माग काढून तिला तेथे गाठले आणि ती नकार देताच तिचा शिरच्छेद केला. कथा लिहून ठेवली गेली ती तेराव्या शतकात, म्हणजे सांगितलेल्या घटनेनंतर सहाशे वर्षांनी, त्यामुळे तिच्याकडे इतिहास म्हणून पाहता येत नाही. तिचा परिणाम मात्र पूर्णपणे ऐतिहासिक आहे. बापाच्या वेडापुढे न झुकलेली ही कन्या वेडाने ग्रासलेल्यांची त्राती मानली गेली आणि तिच्या अवशेषांच्या दर्शनाला मनोरुग्णांना घेऊन यात्रेकरू येऊ लागले.

चौदाव्या शतकात डिम्फ्नाच्या नावाने मोठे चर्च बांधायला सुरुवात झाली आणि पुढे त्याला लागूनच रुग्णांसाठी एक निवास उभा राहिला. तेथे रुग्णाने नऊ दिवस राहायचे, प्रार्थना व प्रायश्चित्त करायचे आणि संतिणीच्या अवशेषपेटीच्या मंचाखालून गुडघ्यांवर सरपटत जायचे, असा विधी होता. नऊ दिवसांत गुण आला नाही तर विधी पुन्हा करायचा, आणि तोपर्यंत रुग्णाला कोठेतरी ठेवणे भाग असे. निवासातील जागा अपुरी पडू लागली, काही नातेवाईक रुग्णाला मागे ठेवून निघून गेले, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांनी आसपासच्या घरांतून त्यांची सोय लावली. एका मोठ्या सामाजिक प्रथेचा आरंभ असा साध्या अडचणीतून झाला. तिच्यामागे कोणताही सिद्धान्त नव्हता; बरे न झालेल्या माणसाने आज रात्री झोपायचे कोठे, एवढाच प्रश्न होता.

या व्यवस्थेला पहिल्यापासून आर्थिक बाजू होती आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. गेल ज्या केम्पेन प्रदेशात आहे तेथील जमीन रेताड आणि निकस, शेती कष्टाची आणि उत्पन्न बेताचे. तेव्हा रुग्णाच्या खोराकीपोटी मिळणारे पैसे आणि त्याच्या हातून होणारे काम या दोन्हींना शेतकऱ्याच्या संसारात मोल होते. रुग्णाला तेथे ‘वेडा’ म्हणण्याऐवजी ‘कोस्टगांगर’ म्हणण्याचा प्रघात पडला. पैसे देऊन घरात जेवणारा-राहणारा माणूस असा त्याचा अर्थ. सगळेच चित्र सौम्यही नव्हते. अनावर रुग्णाकडून कोणाला इजा होऊ नये म्हणून त्याचे हातपाय बांधावेत, असे हुकूम गावच्या कारभाऱ्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांत काढले होते, आणि लोखंडी बेड्या तेथील घरांनाही ठाऊक होत्या.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख फ्रान्सला जोडला गेला, क्रांतिकारक राजवटीने धर्मसंस्थांवर बंदी आणली आणि डिम्फ्नाच्या यात्रेचा आधार तुटला. यात्रा थांबली की रीतही संपणार असे वाटण्याजोगी स्थिती असताना घडले ते उलटेच. १८०३ साली ब्रुसेल्सच्या फ्रेंच प्रशासकाने शहरातील कोंदट इस्पितळात खितपत पडलेल्या मनोरुग्णांना गेलच्या कुटुंबांकडे पाठवायला सुरुवात केली, आणि संतिणीच्या नावाने चाललेली प्रथा सरकारी खर्चाने चालू लागली. १८२१ मध्ये फ्रान्सचे अग्रगण्य मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी गावाला भेट दिली. शेतांतून आणि रस्त्यांवरून मोकळेपणाने हिंडणारे रुग्ण त्यांना दिसले, तसेच काहींच्या पायांतल्या बेड्याही दिसल्या. बेल्जियममधील मानसोपचाराचे अध्वर्यू, गेंट शहराचे जोसेफ गिस्लँ हे तर या व्यवस्थेचे कडक टीकाकार होते. प्रशिक्षित वैद्यांनी चालवलेले, शिस्तबद्ध आणि स्वच्छ रुग्णालय हा त्या पिढीचा आदर्श होता, आणि अडाणी शेतकऱ्याच्या हाती रुग्ण सोपवणे तिला मागासलेपणाचे वाटत होते.

या टीकेतून गेलचा नाश न होता सुधारणा झाली, हे या इतिहासातील महत्त्वाचे वळण होय. १८५० साली बेल्जियमने मनोरुग्णांविषयीचा कायदा केला, गेलची वसाहत सरकारी देखरेखीखाली आली आणि १८६२ मध्ये तेथे एक लहान रुग्णालय उभे राहिले. नव्या रुग्णाला प्रथम तेथे निरीक्षणाखाली ठेवायचे, त्याच्या स्वभावाला व गरजांना जुळणारे कुटुंब शोधायचे आणि मगच त्याला घरी धाडायचे, असा क्रम ठरला. हिंसक आणि आत्मघाताकडे झुकलेल्या रुग्णांना घरांत ठेवले जात नसे. एका घरात सर्वसाधारणपणे दोनच रुग्ण, तेही एकाच लिंगाचे, असा दंडक होता. गाव विभागांत वाटलेले असे, प्रत्येक विभागाचे परिचारक घरोघर फेरी घालत आणि प्रकृती बिघडल्यास रुग्णाला तात्पुरते रुग्णालयात परत आणत. रुग्णांनी ठरल्या दिवशी विभागातील स्नानगृहात यायचे, अशीही पद्धत होती. त्यामुळे स्वच्छता राखली जाई आणि कोणाच्या अंगावर माराचे वळ आहेत का, कोणाची उपासमार होते आहे का, हे तपासनिसाच्या नजरेला आपोआप पडे.

घराच्या आत ही रीत कशी चालत असे, याचे एक उदाहरण १९७० च्या दशकात तेथे अभ्यासासाठी गेलेल्या एलन बॅक्स्टर या अमेरिकन अभ्यासिकेने सांगितले आहे. एका घरातील रुग्ण रोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून तोडून टाकी आणि घरची बाई रोज रात्री ती पुन्हा शिवून देई. मासे पकडण्याच्या दोऱ्याने शिवली तर बटणे तुटणार नाहीत, असे सुचवले असता तिने ते साफ नाकारले, कारण बटणे पिळणे ही त्या माणसाची गरज आहे असे तिचे म्हणणे होते. कुटुंबाला रुग्णाच्या विकाराचे वैद्यकीय नाव बहुधा सांगितलेलेही नसे. रोगाच्या नावाऐवजी या माणसाला काय आवडते, काय झेपते आणि तो कशाने बिथरतो, एवढे ज्ञान घरच्यांना पुरेसे होई, आणि त्याला बरे करून दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसल्यामुळे तो आहे तसा चालवून घेणे त्यांना शक्य होई.

यातील मर्म विसाव्या शतकातील संशोधनाने उलगडले. त्यातला पहिला धागा संस्थेचा. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ साली मनोरुग्णालयाचे वर्णन ‘सर्वंकष संस्था’ असे केले, म्हणजे माणसाचे झोपणे, काम करणे आणि विसावणे हे सारे एकाच छताखाली, एकाच सत्तेच्या आज्ञेने चालते अशी जागा. अशा जागी दाखल झालेल्याचे कपडे, वस्तू, दिनक्रम आणि नाती काढून घेतली जातात, आणि कालांतराने त्याच्यात दिसणारी उदासीनता किंवा परावलंबित्व विकाराचे आहे की संस्थेचे, हे सांगता येईनासे होते. व्यक्तिमत्त्व म्हणजे माणसाच्या विचार, भावना आणि वर्तनाची त्यातल्या त्यात स्थिर राहणारी घडण; ती घडण टिकायलाही रोजची कामे, ओळखीची माणसे आणि स्वतः निवड करण्याच्या छोट्या छोट्या संधी लागतात. गेलच्या रुग्णाला दूध काढणे, मुलांना सांभाळणे, बाजारात जाणे अशा कामांतून या संधी मिळत राहिल्या.

दुसरा धागा ताणाचा आहे. १९७७ मध्ये जोसेफ झुबिन आणि बॉनी स्प्रिंग यांनी मांडलेल्या ‘प्रवणता-ताण’ प्रतिमानानुसार छिन्नमनस्कतेसारख्या विकाराकडे, म्हणजे ज्यात भास होतात आणि विचारांची संगती बिघडते अशा विकाराकडे, काही माणसांचा जन्मजात वा अर्जित कल असतो, पण विकाराचा झटका येतो तो परिस्थितीचा ताण त्या माणसाच्या सहनशक्तीपलीकडे गेल्यावर. हा ताण घरातूनही येतो. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये केलेल्या पाहणीत रुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या रुग्णांची अवस्था भाड्याच्या खोलीत वा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा वाईट आढळली. सततची टीका, वैरभाव आणि अतोनात गुंतणूक यांना पुढे ‘व्यक्त भावना’ अशी संज्ञा मिळाली, आणि त्या जेथे तीव्र असतात तेथे विकार उलटण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले. गेलच्या यजमान कुटुंबात जिव्हाळा होता, पण मुलाबद्दलच्या भंगलेल्या आशा, दोषारोप आणि लाज यांचे ओझे तेथे नव्हते. रक्ताच्या नात्याची धग टाळून घराची ऊब देणारी ही मधली जागा होती.

तिसरा धागा सामाजिक प्रभावाचा. संदिग्ध परिस्थितीत माणसे एकमेकांकडे पाहून काय योग्य ते ठरवतात आणि त्यातून सामाजिक संकेत तयार होतात, हे मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये अंधाऱ्या खोलीतील प्रकाशबिंदूच्या प्रयोगाने दाखवले. बिंदू स्थिर असूनही तो हलल्याचा भास होतो. किती हलला याविषयीचे एकेकाचे अंदाज गटात बसल्यावर एकमेकांजवळ येतात. १९६१ मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी पुढचा प्रश्न विचारला. गटात मुद्दाम पेरलेल्या माणसांकरवी त्यांनी एक फुगवलेला अंदाज रूढ केला आणि मग गटातील एकेक माणूस बदलत नेला. तो अंदाज मूळची माणसे गेल्यावरही काही ‘पिढ्या’ टिकला आणि हळूहळू ओसरला. निव्वळ अनुकरणावर उभा असलेला संकेत असा झिजत जातो. गेलचा संकेत शतकानुशतके झिजला नाही, याचे कारण तेथील प्रत्येक पिढीला तो स्वतः पडताळून पाहायला मिळाला. लहानपणापासून घरातच रुग्ण पाहिलेल्या मुलाला मनोविकार म्हणजे धोका, असे ऐकून घ्यावे लागले नाही. त्याचे मत प्रत्यक्ष सहवासातून बनले आणि मोठेपणी त्याने आपल्या घराचे दार तितक्याच सहज उघडले.

१९३८ साली गेलच्या घरांतून ३,७३६ रुग्ण राहत होते, आणि ही संख्येची परमावधी होती. त्यापूर्वीच बेल्जियममधील लिएर्नो आणि फ्रान्समधील दँ-स्यूर-ओरों येथे याच धर्तीवर वसाहती निघाल्या होत्या. कोलंबिया विद्यापीठाच्या लिओ स्रोल यांनी १९६६ पासून सुमारे दशकभर गेलमध्ये मोठा संशोधनप्रकल्प चालवला, तोपर्यंत ओहोटी लागलेली होती. १९५० च्या दशकात आलेल्या नव्या औषधांमुळे अनेकांना स्वतःच्या घरी राहणे शक्य झाले, शेती मागे पडून कारखाने आले, घरातील बायका नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या आणि दिवसभर कोणी घरी असेलच अशी खात्री उरली नाही. एकविसाव्या शतकात ही संख्या काही शेकड्यांवर आली आहे, पण रीत बंद पडलेली नाही.

महाराष्ट्राला या इतिहासाचा पूर्वार्ध अपरिचित नाही. मनाने आजारी माणसाला देवस्थानी नेऊन ठेवण्याची प्रथा येथेही आहे. फलटणच्या महानुभाव मंदिरात रुग्णांसह राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि रुग्णाच्या सेवेचा भार मुख्यतः त्याच्या आईवर कसा पडतो हे त्यात नोंदवले. दुसरीकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. देऊळ आणि रुग्णालय ही दोन्ही टोके येथे उभी आहेत. त्यांच्यामधली, सरकारी पाठबळ आणि नियमित देखरेख असलेली शेजाऱ्याच्या घरासारखी जागा मात्र फारशी घडली नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा आणि समाजापासून वेगळा न काढला जाण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क कागदावरून घरात यायचा असेल तर रुग्णाला सांभाळणाऱ्यांना मोबदला, दारी येणारा परिचारक, अडीअडचणीला जवळचे रुग्णालय आणि गैरवर्तन उघडे पाडणारी तपासणी या चारही गोष्टी लागतील, कारण गेलच्या शेतकऱ्यांची माणुसकी आधुनिक काळातही टिकली ती याच आधारांवर. मनोरुग्णांविषयी सहानुभूती बाळगा, एवढा उपदेश समाजाला पुरत नाही. त्या सहानुभूतीला रोज पेलता येईल अशी व्यवस्था उभारणे हे शासनाचे आणि नागरिकांचे मिळून कर्तव्य आहे.