जिन अँड टॉनिक

जिन आणि क्विनीनयुक्त टॉनिक वॉटर यांचे बर्फ घालून केलेले पेय. जिनला मुख्य स्वाद ज्युनिपरच्या फळांचा असतो. टॉनिकचा कडवटपणा सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनीनचा. पेल्त्ये व काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्ये क्विनीन वेगळे केले. लंडनच्या इरॅस्मस बाँड यांनी १८५८ मध्ये टॉनिक वॉटरचे पेटंट घेतले. क्विनीनने मलेरिया टाळण्यासाठी हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांनी जिन अँड टॉनिक शोधले, असे रंगवून सांगतात. पण १८६८ मधला एक जुना उल्लेख आढळतो तो हिंदुस्थानातील घोड्यांच्या शर्यतीच्या वृत्तांतात. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन इतके अल्प असते, की औषध म्हणून ते निरुपयोगीच. मात्र अतिनील प्रकाशात तेवढ्यानेही पेय निळसर चमकते.

घरी करताना बर्फाची काटकसर करू नये. दोनच खडे टाकले तर ते झरझर वितळून पेय पाणचट होते. म्हणून उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरावा. त्यावर ५० मिलि जिन घालून लिंबाची फोड पिळावी. नुकतेच उघडलेले गार टॉनिक, सुमारे १०० ते १५० मिलि, ग्लासच्या कडेने हळू ओतावे. लांब दांड्याचा चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलावा. घुसळल्यास बुडबुडे निघून जातात. शिळे, वायू गेलेले टॉनिक महागड्या जिनचीही माती करते.

गोव्यात अलीकडे अनेक जिन तयार होऊ लागल्या आहेत. त्यांपैकी ‘हपूसा’मध्ये हिमालयातील ज्युनिपर वापरतात.