जागतिक घडामोडी आणि वर्धा जिल्हा : कापसाच्या बाजारपेठेतून घडलेली आर्थिक व राजकीय दृष्टी (१८६१ ते २०२५)

प्रस्तावना

कोणत्याही देशाचा जगाकडे पाहण्याचा दृष्टिकोन केवळ त्याच्या राजधानीत किंवा परराष्ट्र खात्यात घडत नाही. आंतरराष्ट्रीय राजकारण आणि अर्थकारण यांचे धक्के अखेर शेत, बाजार आणि घर येथपर्यंत पोहोचतात, आणि तेथील अनुभवातून त्या देशाची भूमिका आकार घेते. तथापि या प्रक्रियेचा अभ्यास बहुधा राष्ट्रीय पातळीवरच होतो. जिल्हा हा घटक घेऊन तिचा विचार केल्यास काही वेगळ्या गोष्टी समोर येतात. या दृष्टीने वर्धा जिल्ह्याचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकात जागतिक कापूस बाजाराने या जिल्ह्याला घडविले; विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत याच जिल्ह्यातून देशाची आर्थिक व राजकीय भूमिका मांडली गेली; आणि शतकाच्या अखेरीस तोच जिल्हा पुन्हा जागतिक बाजाराच्या लाटेखाली आला. प्रस्तुत निबंधात या तीन टप्प्यांचा परामर्श घेऊन, बाह्य परिस्थिती आणि देशाची दृष्टी यांचा संबंध नेमका कसा असतो, याचा शोध घेतला आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध आणि हिंगणघाटचा कापूस

१८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे ठाणे प्रारंभी पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. ही सर्व प्रशासकीय घडामोड ज्या काळात झाली, त्याच काळात (१८६१-६५) अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. या दोन घटनांचा काळ एकच असणे वर्ध्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले.

ब्रिटनच्या गिरण्या प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतील, गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या कापसावर चालत. या परावलंबनाचा धोका ओळखून मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी १८५७ मध्येच कापूस पुरवठा संघ स्थापन केला होता. युद्धात दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि हा धोका प्रत्यक्षात उतरला. १८६० मध्ये ब्रिटनच्या कापूस आयातीत हिंदुस्थानचा वाटा सुमारे १६ टक्के होता. १८६२ मध्ये तो सुमारे ७५ टक्क्यांवर गेला. भाव कित्येक पटींनी वाढले. हिंगणघाटचा कापूस धाग्याच्या दृष्टीने देशी वाणांत उत्तम गणला जात असल्याने त्याला मोठी मागणी आली. पूर्वी हाच कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. आता त्याची दिशा मुंबईमार्गे लिव्हरपूलकडे वळली.

१८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकन कापूस बाजारात परतू लागताच भाव कोसळले आणि मुंबईतील सट्ट्याचा फुगा फुटला. मात्र या तेजीच्या काळात उभी राहू लागलेली व्यवस्था मंदीबरोबर नाहीशी झाली नाही. १८६६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची कापूस आयुक्त म्हणून नेमणूक झाली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली, आणि १८७७ मध्ये हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीपर्यंत फाटा गेला. तारयंत्रामुळे परदेशातील भाव हिंगणघाटच्या बाजारात कळू लागले. युद्ध तात्पुरते होते, परंतु त्याने जोडलेले बंधन कायमचे झाले.

या बंधनाचा परिणाम बियाण्यापर्यंत दिसून येतो. रिव्हेट-कार्नॅक यांच्या खात्याने हिंगणघाटच्या उत्तम बियाण्याचा प्रसार करण्याचे प्रयत्न केले. परंतु पुढे आखूड धाग्याच्या स्वस्त कापसाला जपान व युरोप खंडातील गिरण्यांकडून मागणी वाढली, तेव्हा शेतकऱ्याने लांब धाग्याची बणी सोडून अधिक उतारा देणारी जाडीभरडी वाणे स्वीकारली. यात शेतकऱ्याचे अज्ञान नव्हते. बाजार ज्याची किंमत देत होता तेच तो पिकवीत होता. दुष्काळाच्या काळात या व्यवस्थेची दुसरी बाजू उघडी पडली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांचा समावेश असलेल्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाखांवरून (१८९१) सुमारे ३ लाख ८५ हजारांवर (१९०१) आली.

जागतिक मंदी आणि वर्ध्याचा पर्यायी विचार

१९२९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक महामंदीत हिंदुस्थानातील शेतमालाचे भाव काही वर्षांतच जवळपास निम्म्यावर आले. शेतसारा आणि कर्ज मात्र रोख रकमेतच भरावे लागत असल्याने त्यांचा खरा भार दुप्पट झाला. मध्य प्रांत सरकारला १९३३ मध्ये कर्ज तडजोड कायदा करावा लागला, यावरून परिस्थितीचे गांभीर्य लक्षात येते.

या पार्श्वभूमीवर महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास आले. जमनालाल बजाज यांचा आग्रह हे त्यामागील निकटचे कारण होय. परंतु त्यानंतर वर्ध्यात जे कार्य उभे राहिले ते मंदीच्या अनुभवापासून वेगळे काढता येत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे केंद्र सुरू झाले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. दूरच्या बाजारासाठी होणारे उत्पादन हे साम्राज्य, स्पर्धा आणि युद्ध यांकडे नेते, तर स्थानिक गरजांसाठी होणारे विकेंद्रित उत्पादन शांततेचा पाया घालते, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. ज्या जिल्ह्याची समृद्धी परक्या देशातील युद्धातून आली आणि दैना परक्या बाजारातील मंदीतून आली, त्या जिल्ह्यात हा विचार प्रयोगरूपाने मांडला जावा, यात ऐतिहासिक संगती आहे. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेली नई तालीम ही याच विचाराची शैक्षणिक बाजू होय.

राजकीय क्षेत्रातही असेच घडले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदी नेत्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. १४ सप्टेंबर रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे आपली भूमिका मांडली. फॅसिझमचा निषेध करतानाच, लोकशाहीसाठी लढणाऱ्या ब्रिटनने आपले युद्धहेतू हिंदुस्थानला लागू होतात की नाही हे स्पष्ट करावे, अशी तिची मागणी होती. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने २२ ऑक्टोबरला वर्ध्यातच प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे देण्याचा निर्णय झाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनार येथून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला.

१९४२ च्या प्रारंभी सिंगापूर व रंगून जपानच्या हाती पडले आणि क्रिप्स शिष्टाई निष्फळ झाली. त्यानंतर १४ जुलै रोजी वर्ध्यात ब्रिटिश सत्तेने देश सोडावा असा ठराव झाला, आणि ८ ऑगस्ट रोजी मुंबईत ‘भारत छोडो’ला अंतिम मान्यता मिळाली. त्याच महिन्यात जिल्ह्यातील आष्टी येथे झालेल्या उठावाने हा ठराव केवळ कागदावर राहिला नसल्याचे दाखविले. स्वातंत्र्यानंतर, डिसेंबर १९४९ मध्ये, जागतिक शांतता परिषदेचे एक सत्र सेवाग्राम येथे भरले. अशा रीतीने ज्या गावांपर्यंत जगाचे केवळ भाव पोहोचत होते, तेथून जगाला उत्तर दिले जाऊ लागले.

संरक्षणापासून खुल्या बाजारापर्यंत

स्वतंत्र भारताने कुमारप्पांचा मार्ग स्वीकारला नाही. परंतु बाजाराच्या चढउतारांपासून उत्पादकाला काही आडोसा असावा, हे तत्त्व वेगळ्या स्वरूपात टिकले. महाराष्ट्रात १९७२ पासून राबविलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना हे त्याचे उदाहरण होय. तिच्यातील दिरंगाई, तोटा आणि राजकीय हस्तक्षेप यांवर रास्त टीका झाली. तरीही लिव्हरपूल वा न्यूयॉर्कचा भाव आणि शेतकरी यांच्यामध्ये एक संस्था उभी होती.

१९९१ चे आर्थिक धोरण आणि १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेली जागतिक व्यापार संघटना यांनंतर हे चित्र पालटले. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना मोठे अनुदान देत राहिली. त्याविरुद्ध ब्राझीलने व्यापार संघटनेत दाद मागितली, आणि २००३ च्या कानकुन परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या आफ्रिकी देशांनी हा प्रश्न लावून धरला. भारतात मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि याच दशकात एकाधिकार खरेदीही संपुष्टात आली. बियाणे, कीटकनाशके व कर्ज यांचा खर्च वाढत असताना भावाची शाश्वती मात्र राहिली नाही. जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यांत वर्ध्याचा समावेश होता.

अलीकडील घटना हीच साखळी पुढे नेते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर लावलेले सुमारे ११ टक्के आयात शुल्क, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, स्थगित करण्यात आले. पुढे ही सवलत वर्षअखेरपर्यंत वाढविण्यात आली. वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा हा तिचा हेतू होता. परंतु नवा कापूस बाजारात येण्याच्या हंगामातच ती लागू असल्याने उत्पादकाच्या भावावर तिचे दडपण येणे स्वाभाविक होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आंतरराष्ट्रीय राजकारण व अर्थकारण या दोन स्वतंत्र बाबी नसून युद्ध, शुल्क आणि अनुदान यांच्याद्वारे ती एकच शक्ती म्हणून उत्पादकापर्यंत पोहोचते. दुसरी, तेजी ओसरते, पण तिने निर्माण केलेली रेल्वे, बाजार, पीकपद्धती व कर्जाची रचना मागे राहते; म्हणून केवळ भावांचा इतिहास पाहणे पुरेसे नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बाह्य परिस्थितीतून देशाची दृष्टी आपोआप घडत नाही. १८६५ ची मंदी आणि १९२९ ची मंदी या दोहोंनी वर्ध्याला झळ पोहोचविली; परंतु पहिलीतून कोणताही पर्यायी विचार उभा राहिला नाही, दुसरीतून राहिला. हा फरक धक्क्याच्या तीव्रतेचा नसून, त्या धक्क्याचा अर्थ लावणाऱ्या संस्था, माणसे व चळवळ उपलब्ध असण्याचा होता.

१९९५ नंतरच्या काळाचे मूल्यमापन याच कसोटीवर करावे लागते. साहाय्याच्या योजना आल्या, धोरणे बदलली. परंतु जागतिक बाजाराविषयी कापूस उत्पादकाच्या अनुभवातून घडलेली भूमिका देशाच्या व्यापारधोरणात क्वचितच उमटली. वर्ध्याचा इतिहास असे सुचवितो की, अशी भूमिका जिल्ह्याच्या पातळीवर घडू शकते आणि तेथून ती राष्ट्राची होऊ शकते. त्यासाठी आवश्यक असलेला अभ्यास व संघटन उभे करण्याचे दायित्व शेतकरी संघटनांइतकेच या परिसरातील शिक्षणसंस्थांवरही येते.