ब्रिटनमधील विनावेतन काळजीवाहकांचे हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
घरातील वृद्ध, दीर्घकाळ आजारी अथवा अपंग व्यक्तीची मोबदल्याविना शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीस 'काळजीवाहक' असे संबोधले जाते. ही शुश्रूषा कुटुंबाचे, त्यातही स्त्रीचे, स्वाभाविक कर्तव्य मानली गेल्याने तिची गणना श्रमात झाली नाही व तिला हक्काचे स्वरूपही लाभले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने कल्याणकारी राज्याची उभारणी केली. परंतु तेथील सामाजिक विमा प्रामुख्याने कमावत्या व्यक्तीच्या वर्गणीवर आधारलेला होता. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीचे उत्पन्न थांबत असे आणि वर्गणी खंडित झाल्याने तिचे स्वतःचे वार्धक्यही असुरक्षित होत असे. ही उणीव कोणत्या टप्प्यांनी दूर होत गेली, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

चळवळीचा उदय :
रेव्हरंड मेरी वेबस्टर यांनी १९५४ मध्ये आईवडिलांच्या देखभालीसाठी आपले काम सोडले. १९६३ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांना पत्र लिहून अशा अविवाहित स्त्रियांच्या अडचणी मांडल्या. त्यास मिळालेल्या प्रतिसादातून १९६५ मध्ये 'नॅशनल कौन्सिल फॉर द सिंगल वूमन अँड हर डिपेंडन्ट्स' ही संस्था स्थापन झाली. १९७१ मध्ये 'अटेंडन्स अलाउन्स' हा भत्ता सुरू झाला. मात्र तो अपंग व्यक्तीस मिळे, तिची शुश्रूषा करणाऱ्यास नव्हे. काळजीवाहकासाठी स्वतंत्र भत्ता 'इन्व्हॅलिड केअर अलाउन्स' या नावाने १९७६ मध्ये आला. आठवड्यास किमान ३५ तास शुश्रूषा ही त्याची प्रमुख अट होती.

विवाहित स्त्रीचा प्रश्न :
या भत्त्यातून पतीसमवेत राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना वगळण्यात आले. त्या एरवीही घरीच असत्या, असे गृहीतक त्यामागे होते. विवाहित पुरुषांना मात्र अशी आडकाठी नव्हती. जॅकलिन ड्रेक यांनी १९८४ मध्ये अपंग आईसाठी नोकरी सोडली. तथापि केवळ विवाहित असल्यामुळे त्यांचा अर्ज फेटाळला गेला. हा वाद युरोपीय समुदायांच्या न्यायालयापुढे गेला. सामाजिक सुरक्षेत स्त्रीपुरुषांना समान वागणूक देण्याविषयीच्या १९७८ च्या युरोपीय निर्देशाचा हा भंग होय, असा निर्णय न्यायालयाने २४ जून १९८६ रोजी दिला. निकालाच्या तोंडावरच ब्रिटिश सरकारने विवाहित स्त्रियांना भत्ता देण्याचे जाहीर केले होते.

सेवांचा हक्क :
१९८१ मध्ये स्थापन झालेली 'असोसिएशन ऑफ केअरर्स' व वेबस्टर यांच्या संस्थेचा वारसा सांगणारी संघटना १९८८ मध्ये एकत्र आल्या. १९९५ च्या कायद्याने भरीव शुश्रूषा करणाऱ्या काळजीवाहकास स्वतःच्या क्षमतेचे मूल्यमापन मागण्याचा अधिकार दिला. परंतु मूल्यमापनानंतर सेवा मिळेलच, अशी हमी त्यात नव्हती. इंग्लंडपुरती ती उणीव २०१४ च्या 'केअर अ‍ॅक्ट'ने दूर केली व पात्र काळजीवाहकांना साहाय्य देणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झाले. २०२३ च्या कायद्यान्वये ६ एप्रिल २०२४ पासून कर्मचाऱ्यांना शुश्रूषेसाठी वर्षातून एक आठवड्याची रजा मिळू लागली. ती रजा बिनपगारी आहे.

निष्कर्ष :
१९७६ च्या भत्त्याचे नाव शुश्रूषा घेणाऱ्या 'इन्व्हॅलिड' व्यक्तीवरून होते. २००३ मध्ये ते 'केअरर्स अलाउन्स' असे, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याच्या नावाने झाले. या बदलात चळवळीचे सार सामावले आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मोबदला न घेणाऱ्या आईवडिलांचा व अन्य कुटुंबीयांचाही काळजीवाहकाच्या व्याख्येत समावेश केला. तथापि त्यातील काळजीवाहक भत्त्याची तरतूद अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी आहे आणि तीही शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. ब्रिटनने १९७१ मध्ये घेतलेल्या भूमिकेशी तिचे साम्य स्पष्ट आहे. शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतः हक्कदार आहे, हे तत्त्व भारतीय कायद्यात अद्याप रुजावयाचे आहे.